घराची डागडुजी आणि कंत्राटदाराशी होणारे वाद : घरमालकाचे हक्क व खबरदारी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळी घर बांधणारा गवंडी त्याच पंचक्रोशीतला असे. त्याचे काम बिघडले तर त्याला पुढच्या बाजाराच्या दिवशी गाठता येई. आज दादरा व नगर हवेलीत घराचे काम घेणारा कंत्राटदार एका गावचा, त्याचा मिस्त्री दुसऱ्या जिल्ह्यातला आणि मजूर तिसऱ्या राज्यातले असतात. काम अर्धवट सोडून हे सारे निघून गेले, तर घरमालकाच्या हाती उरतो तो उघडा स्लॅब आणि तोंडावर आलेला पाऊस.

सिल्वासा शहराच्या आसपासच्या रांधा, आंबोली, दपाडा, खानवेल अशा गावांत घरांचे रूप गेल्या काही दशकांत झपाट्याने पालटले. कुडाच्या भिंती, शेणामातीचा लेप आणि कौलारू वा गवती छप्पर यांची जागा विटा, सिमेंट आणि सळई यांनी घेतली. औद्योगिक वाढीमुळे लोकसंख्याही वाढली. २००१ च्या जनगणनेत दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या २,२०,४९० होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. दहा वर्षांत दीडपटीहून अधिक झालेल्या या वाढीबरोबर खोली वाढवणे, माळा चढवणे, भाड्याच्या खोल्या काढणे, जुन्या घराला स्लॅब घालणे ही कामे घरोघरी निघाली. कामे वाढली तसे कंत्राटदारही वाढले, आणि त्यांच्याशी होणारे वादही.

तक्रारींचे नेहमीचे प्रकार

घराच्या दुरुस्तीतून उद्भवणारे वाद वरवर निराळे दिसले तरी त्यांचे साचे ठरलेले असतात.

पहिला प्रकार उचल घेऊन गायब होण्याचा. ‘सामान भरायचे आहे’ या सबबीवर मोठी रक्कम आगाऊ घेतली जाते, दोन दिवस तोडफोड होते आणि मग दूरध्वनी उचलला जात नाही. जुने घर मोडलेले असल्याने मालकाला माघार घेता येत नाही.

दुसरा प्रकार वाढत्या बिलाचा. प्रारंभी कमी दर सांगून काम मिळवायचे आणि नंतर ‘हे ठेक्यात नव्हते’ असे म्हणत प्रत्येक वळणावर जादा पैसे मागायचे. मलबा उचलणे, पाण्याची टाकी चढवणे, खिडकीवरचा छज्जा, पायऱ्या, गिलाव्यातील कोपरे अशा बारीकसारीक बाबी बहुधा याच वाटेने बिलात शिरतात.

तिसरा प्रकार हलक्या मालाचा. ठरलेल्या कंपनीऐवजी दुसऱ्या कंपनीचे सिमेंट, कमी जाडीची सळई, मातकट वाळू, पातळ नळ किंवा स्वस्त वायर वापरली जाते. भिंत लिंपली गेल्यावर आत काय आहे हे कोणास दिसत नाही.

चौथा प्रकार गळतीचा. हे काम उन्हाळ्यात झालेले असते, दोष मात्र जुलैत कळतो. छताला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात, नाहणीचे पाणी शेजारच्या भिंतीत उतरते. तोवर शेवटचा हप्ता दिलेला असतो.

पाचवा प्रकार मजुरांच्या थकलेल्या पैशांचा. मालकाने कंत्राटदाराला पूर्ण रक्कम दिलेली असते, पण ती मजुरांपर्यंत पोचलेली नसते. मग मजूर घराच्या दारात बसतात. दोष दोघांचाही नसतो. मधला माणूस मात्र सापडत नाही.

असे का घडते?

खासगी घराचे बांधकाम वा दुरुस्ती करणाऱ्या कंत्राटदारास परवाना सर्वसाधारणपणे लागत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होणारी वर्गवार नोंदणी सरकारी कामांच्या निविदांसाठी असते. खासगी घरमालकाला तिचे संरक्षण मिळत नाही. अपवाद विजेच्या कामाचा आहे. घरातील वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घेणे नियमाने आवश्यक आहे, तरीही बहुतेक घरांत ते काम मुख्य ठेक्यातच उरकले जाते.

दुसरे कारण माहितीच्या तफावतीचे. कंत्राटदार वर्षाला अनेक घरे करतो; मालक आयुष्यात एक किंवा दोन. सिमेंटच्या किती गोण्या लागतील, एक ब्रास म्हणजे किती, स्लॅबच्या टेक्यांना किती दिवस हात लावायचा नाही, हे मालकाला ठाऊक नसते. तिसरे कारण हंगामाचे. पावसाळ्यापूर्वी काम संपवण्याची सर्वांनाच घाई असते. मार्च ते मे या महिन्यांत एकच मिस्त्री चार ठिकाणी कामे धरतो आणि कोठेच पुरता वेळ देत नाही. चौथे कारण ओळखीचे आहे. शेजाऱ्याने किंवा नातलगाने सुचवलेल्या माणसाकडे लेखी करार मागणे अवघड वाटते. वाद पेटतो तेव्हा मात्र त्याच ओळखीमुळे तोंडातून शब्द निघत नाही.

ठेक्याचे तीन प्रकार

काम सोपवण्याची पद्धत ठरवतानाच निम्मे वाद टाळता येतात. रोजंदारी किंवा हजेरीच्या पद्धतीत मालक स्वतः सामान आणतो, मिस्त्रीला व मजुराला दिवसाचा रोज देतो आणि कामावर देखरेखही स्वतःच ठेवतो. यात मालावर ताबा राहतो, पण काम लांबण्याचा धोका असतो. मजुरीच्या ठेक्यात सामान मालकाचे आणि काम चौरस फुटाच्या किंवा ब्रासच्या दराने कंत्राटदाराचे असते. येथे काम लवकर होते, परंतु सामानाची नासाडी वाढू शकते. सामानासह ठेक्यात सर्व जबाबदारी कंत्राटदाराची असते. मालकाची दगदग वाचते, मात्र हलका माल वापरण्याचा मोह याच प्रकारात सर्वाधिक असतो.

हा भेद कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘सेवा’ या संज्ञेतून वैयक्तिक चाकरीचा करार वगळलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वैद्यकीय सेवेसंबंधीच्या निकालात ‘चाकरीचा करार’ आणि ‘सेवेसाठीचा करार’ यांतील फरक स्पष्ट केला. मालकाच्या हुकमाखाली रोजावर राबणारा मजूर पहिल्या प्रकाराच्या जवळ जातो. स्वतःच्या कौशल्याने, ठरलेल्या मोबदल्यात काम पुरे करून देणारा ठेकेदार दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्यामुळे ठेका लेखी असेल, तर ग्राहक आयोगाचा दरवाजा सहज उघडतो.

मोजमापाचे गणित

वाळू, खडी आणि काँक्रीट यांच्या मापात एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. प्लास्टर, फरशी, रंगकाम यांच्या क्षेत्रफळाच्या मापात एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. दर कोणत्या मापाचा आहे, हे कागदावर स्पष्ट असले पाहिजे.

उदाहरण म्हणून १२ बाय १० फुटांची आणि १० फूट उंचीची खोली घेऊ. तिच्या चार भिंतींची एकत्र लांबी ४४ फूट आणि आतील क्षेत्रफळ ४४० चौरस फूट, म्हणजे ४.४ ब्रास होते. तीन बाय सात फुटांचे दार आणि चार बाय चार फुटांची खिडकी मिळून ३७ चौरस फूट जागा उघडी असते. ती वजा करायची की नाही, यावरून हमखास खटका उडतो. मोजमापाच्या भारतीय मानकानुसार अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागा वजा होत नाहीत. अर्ध्या ते तीन चौरस मीटरच्या जागांसाठी, दोन्ही बाजूंना सारखेच प्लास्टर असल्यास, एका बाजूची वजावट होते; त्याबदल्यात चौकटीच्या कडांचे वेगळे पैसे आकारले जात नाहीत. हा नियम दोन्ही पक्षांना न्याय्य आहे आणि करारात एका ओळीत लिहिता येतो.

स्लॅबचे गणितही सोपे आहे. २० बाय १५ फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब १२५ घनफुटांचा, म्हणजे सव्वा ब्रासचा किंवा साधारण साडेतीन घनमीटरचा होतो. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी या नेहमीच्या प्रमाणात दर घनमीटरला ५० किलोच्या सुमारे आठ गोण्या सिमेंट लागते. म्हणजे एवढ्या स्लॅबला २८ ते २९ गोण्या हव्यात. काम संपल्यावर रिकाम्या गोण्या मोजल्या आणि त्या २० भरल्या, तर कोठे चूक झाली हे विचारण्याचा आधार मालकाजवळ असतो. स्लॅब पडण्यापूर्वी आणि पडल्यावर गोण्यांचे छायाचित्र काढून ठेवणे ही अगदी साधी दक्षता आहे.

दर्जा ओळखण्याच्या काही खुणा

काँक्रीटमध्ये पाणी जितके जास्त, तितके ते ओतायला सोपे आणि टिकायला कच्चे. भारतीय मानक ४५६ नुसार घरगुती प्रतीच्या काँक्रीटमध्ये सिमेंटच्या वजनाच्या ०.५५ पटीहून अधिक पाणी नसावे. एका गोणीस सुमारे साडेसत्तावीस लिटर, आणि त्यात वाळूतील ओलही धरायची. मिश्रण सैल व्हावे म्हणून मजूर बादल्या ओततात तेव्हा स्लॅबचे आयुष्य कमी होत असते.

पाणी मारणे हा दुसरा मुद्दा. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी किमान सात दिवस आणि राख वा अन्य खनिजे मिसळलेल्या सिमेंटसाठी किमान दहा दिवस पृष्ठभाग सतत ओला ठेवावा, असे हेच मानक सांगते. कोरड्या व तापलेल्या हवेत हा काळ अनुक्रमे दहा व चौदा दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस आहे. बाजारात आज बहुतेक सिमेंट मिश्र प्रकारचे मिळते आणि आपल्याकडे स्लॅब एप्रिल-मेमध्ये पडतात. म्हणजे चौदा दिवसांचा नियम धरणेच श्रेयस्कर. स्लॅबवर वाळूची आळी करून पाणी तुंबवण्याची जुनी रीत यासाठी उत्तम आहे. पाणी कोण मारणार, मालक की कंत्राटदार, हे आधीच ठरवावे. तडे गेल्यावर पहिला आरोप याच मुद्द्यावर होतो.

सेंटरिंग काढण्याची घाई धोकादायक असते. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेके किमान सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस ठेवावेत, असा दंडक आहे. सहा मीटरपर्यंतच्या तुळईखालील टेकेही चौदा दिवस हवेत. हे दिवस साध्या सिमेंटचे आहेत; मिश्र सिमेंटसाठी ते वाढवावे लागतात. सळईखाली ठोकळे न ठेवल्यास ती थेट फळीवर टेकते आणि पुढे गंजून स्लॅबचे खपले पडतात. स्लॅबला किमान २० मिलिमीटर आणि खांबाला ४० मिलिमीटर आच्छादन असावे.

नाहणी व शौचालयाच्या खोलगट स्लॅबची परीक्षा फरशी बसवण्याआधीच घ्यावी. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी भरून ते दोन-तीन दिवस तसेच ठेवावे आणि खालच्या बाजूस ओल येते का ते पाहावे. फरशी बसल्यानंतर गळती शोधणे म्हणजे पुन्हा तोडफोड.

सर्वांत गंभीर बाब खांब आणि भारवाहू भिंतींची. खोली मोठी दिसावी म्हणून मधली भिंत काढण्याचा सल्ला मिस्त्री सहज देतो. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर पश्चिमेकडील सिद्धिसाई ही इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलात खांबांना धक्का लावल्याचा आरोप त्या प्रकरणात झाला. एका मजल्यावरच्या ‘किरकोळ’ दुरुस्तीची किंमत वरच्या सर्व कुटुंबांना मोजावी लागू शकते, हे त्या घटनेने दाखवून दिले. खांब, तुळई, स्लॅब किंवा जाड भिंत यांपैकी कशालाही हात लावायचा असेल, तर संरचना अभियंत्याचा लेखी अभिप्राय आणि नगरपालिका वा ग्रामपंचायतीच्या हद्दीतील लागू परवानगी घेतल्याशिवाय काम सुरू करू नये.

करारपत्रात काय असावे?

करारपत्र लांबलचक असण्याची गरज नाही. दोन पानांत ते बसते. त्यात पुढील बाबी असाव्यात.

१. कंत्राटदाराचे पूर्ण नाव, कायमचा पत्ता, ओळखपत्राची प्रत आणि असल्यास जीएसटी क्रमांक.

२. कामाची खोलीनिहाय यादी. ‘संपूर्ण दुरुस्ती’ यासारखे मोघम शब्द टाळावेत.

३. सिमेंट, सळई, वायर, नळ, फरशी, रंग यांची कंपनी, प्रत व जाडी.

४. दर, मोजमापाची पद्धत आणि दरात सामान, मजुरी, कर, वाहतूक व मलबा उचलणे यांपैकी काय अंतर्भूत आहे.

५. हप्त्यांचे वेळापत्रक, कामाच्या टप्प्यांशी जोडलेले.

६. काम सुरू व पूर्ण होण्याच्या तारखा आणि विलंबाबद्दलची भरपाई.

७. जादा काम केवळ लेखी संमतीने आणि आधी ठरलेल्या दराने.

८. दोषदुरुस्तीचा कालावधी. तो किमान एक पूर्ण पावसाळा ओलांडणारा असावा.

९. मजुरांचे वेतन व सुरक्षेची जबाबदारी, तसेच वीज-पाण्याचा खर्च कोणाचा.

सातवा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० नुसार एखाद्याने फुकट करण्याचा हेतू न ठेवता दुसऱ्यासाठी काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला देण्याची जबाबदारी येते. ‘एवढे करून टाका, मग बघू’ असे तोंडी सांगणारा मालक पुढे याच कलमात अडकतो.

पैसे देण्याची रीत

हप्ता नेहमी झालेल्या कामामागून द्यावा, कामाच्या पुढे धावू नये. प्रारंभीची उचल अल्प असावी, आणि एकूण रकमेचा पाच ते दहा टक्के भाग दोषदुरुस्तीच्या काळापर्यंत राखून ठेवावा. ही अट करारात असेल तरच ती पाळण्याचा आग्रह धरता येतो. सामानासाठी पैसे हवे असतील, तर ते थेट दुकानदाराच्या खात्यावर भरून बिल स्वतःच्या नावे घ्यावे. देणे बँकेमार्फत करावे. एका व्यवहारापोटी दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. रोख द्यावीच लागली, तर तारीख व कारण लिहिलेली सहीची पावती घ्यावी.

‘बिल नको असेल तर जीएसटी वाचेल’ हा प्रस्ताव मोहक वाटतो. पण बिल नसले की पुढे काम कोणी केले, किती रकमेचे केले, हेच सिद्ध करणे कठीण होते. वाचवलेल्या करापेक्षा गमावलेला पुरावा महाग पडतो.

कायदा कोणता लागू होतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा घरमालकाचा मुख्य आधार आहे. तो जुलै २०२० पासून लागू झाला. १९८६ च्या जुन्या कायद्यातील सेवेच्या व्याख्येत १९९३ मध्ये ‘घरबांधणी’ हा शब्द समाविष्ट करण्यात आला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात घरबांधणी ही सेवाच असल्याचा निर्वाळा दिला. नव्या कायद्यातही ती व्याख्या कायम आहे. निकृष्ट काम, अर्धवट सोडलेले काम आणि अवाजवी विलंब या ‘सेवेतील त्रुटी’ ठरतात.

रेरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याबद्दल गैरसमज आढळतो. दादरा व नगर हवेली आणि दमण व दीवसाठी महाराष्ट्राचे महारेरा हेच प्राधिकरण आहे. मात्र तो कायदा सदनिका विकणाऱ्या प्रवर्तकाला लागू होतो. विक्री वा नव्या वाटपाचा संबंध नसलेल्या दुरुस्तीच्या कामांना त्यात नोंदणीची आवश्यकता नाही. म्हणून स्वतःच्या घराची दुरुस्ती करणाऱ्या कंत्राटदाराविरुद्ध तेथे दाद मिळत नाही. विकत घेतलेल्या नव्या सदनिकेत गळती असेल, तर गोष्ट निराळी. कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत संरचनेतील वा कारागिरीतील दोष निदर्शनास आणून दिल्यास प्रवर्तकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. अशा वेळी स्वतःचा कंत्राटदार लावून तोडफोड करण्याआधी प्रवर्तकाला लेखी कळवणे हिताचे.

दिवाणी दाव्याचा मार्गही खुला असतो. करारभंगाची भरपाई करार कायद्याच्या कलम ७३ व ७४ खाली मागता येते; मुदत तीन वर्षांची. पोलीस तक्रारीविषयी मात्र सावधपणे विचार करावा. प्रत्येक करारभंग म्हणजे फसवणूक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. पैसे घेतानाच काम न करण्याचा हेतू होता, असे दिसत असेल तरच भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील फसवणुकीचा गुन्हा उभा राहतो. खोटे नाव, खोटा पत्ता, एकाच वेळी अनेकांकडून उचल घेऊन पोबारा, ही त्याची लक्षणे.

तक्रारीची वाट

काम बिघडल्याचे लक्षात येताच ते दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेण्याची घाई करू नये. पुरावा त्याबरोबर पुसला जातो. प्रथम छायाचित्रे व चित्रफिती घ्याव्यात, अभियंत्याकडून दोषांचा व दुरुस्ती खर्चाचा लेखी अहवाल घ्यावा. नंतर कंत्राटदाराला नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवून दुरुस्तीसाठी ठरावीक मुदत द्यावी. व्हॉट्सॲपवरील संदेश पुरावा म्हणून चालतात, परंतु भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून मूळ फोनमधील संदेश पुसू नयेत.

नोटिशीचा उपयोग न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. एखाद्या ऑनलाइन मंचामार्फत काम दिले असेल, तर त्या मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे २०२० च्या नियमांनुसार बंधनकारक आहे.

त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोगाकडे जाते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात शुल्क नाही. पाच ते दहा लाखांसाठी २०० रुपये, दहा ते वीस लाखांसाठी ४०० रुपये आणि वीस ते पन्नास लाखांसाठी १,००० रुपये शुल्क आहे. कंत्राटदार परराज्यातला असला तरी तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी करतो तेथेच तक्रार करता येते, ही २०१९ च्या कायद्याने दिलेली मोठी सोय आहे. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, तपासणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत निकाल व्हावा, असे कायदा सांगतो. व्यवहारात त्याहून अधिक काळ लागू शकतो. आदेश न पाळणाऱ्यास एक महिना ते तीन वर्षे कारावास, किमान २५ हजार ते एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

भाड्याचा व्यवसाय किंवा दुकान यांच्यासाठी केलेले काम ‘व्यापारी हेतू’ मानले जाण्याची शक्यता असते. केवळ उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्यास त्यात सवलत आहे.

खर्चाच्या भीतीने अनेक कुटुंबे दाद मागत नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. २०११ च्या जनगणनेनुसार दादरा व नगर हवेलीची निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. म्हणजे रांध्यासारख्या गावांतील वारली, कोकणा, धोडिया अशा कुटुंबांपैकी बहुतेकांना वकिलासाठी पैसे मोजण्याची गरजच नाही. त्यासाठी १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक उपलब्ध आहे.

घरकुल योजनेतील लाभार्थी

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात किमान २५ चौरस मीटरचे घर अपेक्षित असते आणि मदतीची रक्कम हप्त्यांनी थेट लाभार्थ्याच्या खात्यात जमा होते. या योजनेत सरकारी यंत्रणेने कंत्राटदार नेमावयाचा नाही. घर लाभार्थ्याने स्वतः बांधावे अशी मार्गदर्शक तत्त्वांची भूमिका आहे. त्यामुळे ‘मी सरकारकडून आलेला ठेकेदार आहे, हप्ता माझ्याकडे द्या’ असे म्हणणाऱ्यापासून सावध राहावे. मिस्त्री निवडण्याचा अधिकार लाभार्थ्याचा आहे. कामाची प्रगती छायाचित्रांनी तपासूनच पुढचा हप्ता मिळत असल्याने, अर्धवट सोडलेले काम येथे दुहेरी नुकसान करते.

कंत्राटदाराची बाजू

सगळा दोष एकाच पक्षाचा नसतो. काम चालू असताना नकाशा बदलणारे, फरशी बसल्यावर रंग न आवडल्याने ती उखडायला लावणारे आणि शेवटचा हप्ता क्षुल्लक कारणाने अडवून ठेवणारे मालकही असतात. सिमेंट-सळईचे भाव काम चालू असताना वाढले तर ठरलेल्या दरात काम करणारा लहान ठेकेदार बुडतो, आणि त्याच्यामागे असलेले मजूर उपाशी राहतात. झालेल्या कामाच्या पैशांसाठी कंत्राटदारालाही तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा करता येतो. म्हणूनच लेखी करार दोघांच्याही हिताचा. चांगले काम करणारा मिस्त्री सहसा लेखी अटींना नकार देत नाही. नकार मिळाला, तर तोच पहिला इशारा समजावा.

पावसाआधीची तपासणी

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी घराची एक फेरी मारावी. स्लॅबवर पाणी सोडून उतार पाहावा, प्रत्येक नळ आणि सांडपाण्याची जाळी तपासावी, फरशीवर बोटांनी ठोकून पोकळ आवाज येतो का ऐकावे, विजेचे गळतीरोधक बटण दाबून वीज खंडित होते याची खात्री करावी. राहिलेल्या कामांची यादी करून तिच्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. विटा-सिमेंटच्या घरात एका कुटुंबाची अनेक वर्षांची बचत गुंतलेली असते. ती जपण्यासाठी लागणारी आयुधे साधी आहेत : दोन पानांचा करार, बँकेचा व्यवहार, मोजपट्टी आणि पहिल्या पावसापर्यंत राखून ठेवलेला एक हप्ता.